बुजवलेला चर

बिभीषणाचं एक वागणं मला कधीच पटलं नाही. काही सांगा, 'बरं' म्हणतो. पन्नाशी उलटली, लेकीचं लग्न काढलंय, तरी तेच. पेरू काढून ऊस लाव म्हटलं, बरं. ऊस काढून परत पेरू लाव म्हटलं, बरं. थोरल्या लेकानं कधीतरी कपाळाला आठी घालावी, आईला म्हणावं, तुला कळत नाही, गप बस. याच्या तोंडाला ते येतच नाही. चार बायांत मी मिरवायची, माझा बिभीषण म्हणजे गाय. आता वाटतं, गायसुद्धा कासेला वाकडा हात लागला तर लाथ झाडते.

या चैत्रात त्या एका शब्दानं माझं घर बसलं.

घरामागच्या सहा गुंठ्यांत पंकजाचे साठ सोनचाफे होते. पंकजा माझी धाकटी सून, राधाकृष्णाची बायको. राधाकृष्ण करोनाच्या दुसऱ्या फेऱ्यात गेला. मागं ती आणि संस्कृती, अशा दोघी. वर्षभर ती भिंतीला पाठ लावून बसली आणि एक दिवस माहेराहून, आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याहून, टेम्पोत साठ कलमं घालून आली. तिच्या बापाच्या दारातल्या जुन्या चाफ्याची. पुढं रस्ता रुंद करताना ते मूळ झाड गेलं. म्हणजे त्या झाडाचं जे काही जगात उरलं, ते माझ्या परसात होतं.

आमची राहात्याची जमीन काळी. आम्ही पाटाच्या पाण्यावर वाढलेली माणसं. पाणी मिळालं की पीक, जास्त मिळालं की नशीब. पंकजा डोंगराकडची, तिथं पाणी येतं तसं उतारानं निघून जातं. तिनं मुरमाच्या चार ट्रॉल्या आणून मातीत कालवल्या, दीड-दीड फूट उंच गादीवाफे केले, त्यावर कलमं लावली, ठिबक टाकलं. आणि खालच्या अंगाला मांडीएवढा खोल चर खणला, थेट ओढ्यापर्यंत. स्वतः खणला. मी दारात बसून बघत होते.

"एवढं पानी फुकट घालवती व्हय गं?"

"आत्या, ह्यो काय ऊस हाय का? चाफ्याला पानी पाजायचं, पान्यात उभा करायचा न्हाई. त्याच्या मुळ्यांना श्वास लागतो."

"मंग नाकं कुठंयत त्यांची?"

रोहिणी, माझी थोरली सून, खळखळून हसली. पंकजा नाही हसली.

पण झाडं आली. तिसऱ्या वर्षी अशी फुलली की पहाटे दार उघडलं की वास आधी घरात यायचा, उजेड मागून. ती उजाडायच्या आत तोडायची, देठ दुखवू नये म्हणून नख न लावता. दहा-दहा फुलांच्या पुड्या बांधून फुलवाल्या परवेझच्या मोटरसायकलवर शिर्डीला धाडायची. संस्कृतीची बारावी, क्लास, सगळं त्या फुलांवर. एक फूल मात्र तिनं कधी स्वतःच्या केसात घातलं नाही. मीही कधी म्हटलं नाही, घाल म्हणून.

फाल्गुन सरता सरता तिचा बाप वारला. ती आणि संस्कृती अकोल्याला गेल्या, दहावा-तेरावा करून येतो म्हणून. त्याच आठवड्यात कोपरगावहून निकिताला बघायला पाहुणे यायचे ठरले. निकिता बिभीषणाची मुलगी, माझी थोरली नात. स्थळ तोलामोलाचं. पुढच्या दारी रस्त्याचं काम, खडी पडलेली. गाड्या लावायच्या तर मागं, आणि मागं तो चर आडवा.

"चर बुजव," मी बिभीषणाला म्हणाले. "दोन गाड्या येनार हायेत. कुठं लावू, डोक्यावर?"

"पंकजाचा चर हाय बाई."

"मंग? ती आली की परत खनंल. तिला काय दुसरं काम हाय?"

"एकदा फोन लावून विचारलं असतं..."

"माझ्या दारात मी कुनाला विचारू?"

थोडा वेळ तो अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं."

रोहिणी तिथंच परवेझला फुलं देत होती. दोघांनीही ऐकलं. परवेझनं पुड्या मोजता मोजता मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

पाहुणे आले. गाड्या चरावरून आत आल्या. मुलाच्या आईनं चाफ्याचं फूल केसात माळलं, म्हणाली, काय सुवास आहे हो तुमच्या घराला. लग्न जमलं. मी दोन दिवस पाय जमिनीला लावले नाहीत.

पुढचं बिभीषणानं मला सांगितलं ते असं. पाहुणे गेल्यावर चौथ्या दिवशी ठिबकाची मोटार जळाली. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. चैत्राचं ऊन. दुपारी पानं खाली लोंबायची. बिभीषण रोज संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून बघायचा. पंकजाला विचारायचं कसं? थोरला दीर धाकट्या भावजयीशी तोंडानं बोलत नाही, आमच्यात. फोनवर तर नाहीच. त्यानं रोहिणीला सांगितलं, विचार म्हणून. रोहिणी म्हणाली, "तिचा बाप गेलाय. तिथं झाडाचं काय विचारू?" तेही बरोबरच.

मग पाटाला आवर्तन आलं. आमची पाळी साडेतीन तासांची. ती पाळी पेरूची. बिभीषणानं पेरू तहानलेले ठेवले आणि सगळं पाणी चाफ्याला दिलं. वाफे फोडून, प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाणी नेलं. राधाकृष्ण गेल्यापासून भावाच्या बायकोसाठी आपल्या हातून काही झालं नाही, हे त्याच्या मनात होतं. त्या संध्याकाळी तो भाकरी खाताना दोनदा हसला. रोहिणी म्हणाली, "आज काय झालं यांना?"

पाणी चराशी आलं आणि चर नव्हता. सहा दिवस ते तिथंच उभं राहिलं.

पंकजा बुधवारी दुपारी आली. हे मला संस्कृतीनं सांगितलं, नंतर, जाताना. एस्टीतून उतरल्यापासून तिची आई म्हणत होती, वास येत नाही. रस्त्यानं चालताना दोनदा म्हणाली, वारा उलटा असंल. पिशवी घेऊन ती घरात आलीच नाही, तशीच मागं गेली. पानं पिवळी पडली होती, कडा काळ्या. कळ्या न उमलताच गळून चिखलाला चिकटल्या होत्या. तिनं पहिल्या झाडाची साल बुंध्याशी नखानं खरवडली. खाली हिरवं नव्हतं, काळपट ओलं होतं, आंबूस वास मारत होतं. मग दुसऱ्या झाडाची खरवडली. मग तिसऱ्या. संस्कृती म्हणाली, "आजी, ती एकोणीसपर्यंत गेली. विसाव्यापाशी हात वर केला आणि तसाच ठेवला."

रोहिणी चहा घेऊन गेली. तो चहा वाफ्याच्या कडेवर गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजाचा भाऊ ओंकार जीप घेऊन आला. शेतीची औषधं विकणाऱ्या एकाला तो वाटेतून सोबत घेऊन आला होता. त्या माणसानं दोन झाडांच्या मुळ्या उकरल्या, बोटात धरल्या. साल मोज्यासारखी निघून आली. तो ओंकारला म्हणाला, मुळाशी औषधाची आळवणी करून बघा, पण मी पैसे घेणार नाही. विकणारा माणूस पैसे घेत नाही म्हटल्यावर काय समजायचं ते सगळ्यांना समजलं.

पडवीत आम्ही बसलो. मी माझ्या पाटावर. बिभीषण खांबाला टेकून उभा. रोहिणी उंबऱ्यात. ओंकार खुर्चीवर, पाहुणा म्हणून. पंकजा आणि संस्कृती खाली सतरंजीवर. नेहमीची रीत अशी, की बिभीषण आला की पंकजा पदर सारखा करून भिंतीकडं तोंड करते.

बिभीषण म्हणाला, "संस्कृती, तुझ्या आईला सांग, पानी मी सोडलं."

"ऐकलंय तिनं, काका," संस्कृती म्हणाली.

"मोटार जळाली हुती. झाडं वाळाया लागली हुती. मला वाटलं..."

"काय वाटलं?" ओंकारनं विचारलं. "चार वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत ती वाफे उंच ठेवतीय. तुमाला कळलं न्हाई कशापायी ते?"

"न्हाई कळलं."

"आन चर? चर बी मोटारीनंच बुजवला का?"

बिभीषण पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. तो अंगठा माझ्या ओळखीचा होता.

"चर बी मीच बुजवला," तो म्हणाला.

रोहिणी उंबऱ्यातनं उठली. "सांगा की, कशाला बुजवला ते. तोंड हाय ना तुमाला?"

"तू गप."

"मी का गप? कुनी सांगितलं..."

"रोहिणी," बिभीषण म्हणाला. आवाज चढवला नाही. पण तीस वर्षांत त्यानं तिला असं नावानं सगळ्यांसमोर कधी थांबवलं नव्हतं. ती थांबली. आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

सांगते, ही रोहिणी पंकजावर जळायची. फुलांचं नाव झालं, शिर्डीच्या बाजारात लोक गोजरबाईच्या धाकट्या सुनेची फुलं म्हणायला लागले, तेव्हा हिनं दोन महिने जेवणात मीठ कमी-जास्त केलं. चर बुजवला तेव्हा हीच म्हणाली होती, बरं झालं, जाता-येता पाय अडकायचा. पण त्या सकाळी ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी एखादं उष्टं ताट तिच्यासमोर सरकवलंय.

ओंकारनं मागची गोष्ट काढली. "दिवाळीत तुमचे मेव्हणे काय म्हनले हुते, मी हुतो इथं. मागच्या सहा गुंठ्यांत दहा खोल्या काढू, शिर्डीला येनाऱ्यांना भाड्यानं देऊ. म्हनले हुते का न्हाई?"

"ते म्हनले. मी म्हनलो न्हाई."

"तुमी न्हाई बी म्हनला न्हाई."

तेही खरंच होतं.

मग पंकजा उठली. तिनं पदर सारखा केला नाही. भिंतीकडं तोंड केलं नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पहिल्यांदा ती माझ्या थोरल्या लेकाकडं तोंड करून बोलली.

"भावजी, मला वाटनी नको. झाडांची भरपाई नको. झाडं काय, परत लावता येत्यात. बापाचं झाड न्हाई राह्यलं, तरी दुसरीकडनं कलमं आनीन, परत साठ लावीन, परत चर खनीन. मला एकच कळू द्या. या घरात कुनी माझं वाईट चिंतलं का? चुकीनं झालं असंल, कुनाच्या हट्टानं झालं असंल, तर मी हिथंच राहीन. पर मुद्दाम झालं असंल, तर मी या दारात पोरगी घेऊन झोपू कशी?"

ती देव्हाऱ्यापाशी गेली. खंडोबाच्या टाकापुढची भंडाऱ्याची पितळी डबी उचलली, वरचं बेलाचं पान घेतलं, आणि आणून खांबाशी ठेवलं.

"भंडारा उचला. सांगा, चर कुनाच्या मनानं बुजवला."

आमच्या घरात शपथेचा भंडारा आजवर दोनदा उचलला गेला. एकदा माझ्या सासऱ्यानं बांधाच्या भांडणात, एकदा माझ्या नवऱ्यानं. खोटा उचलला तर सात पिढ्यांना लागतो, असं म्हणतात. मी शिकलेली नाही, तिसरीतनं शाळा सुटली. पण हे मला पाढ्यांच्या आधीपासून येतं.

मी तोंड उघडायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं. मी सांगितलं गं, गाड्या लावायला. एवढंच. पंकजा चिडली असती, चार दिवस बोलली नसती, पाचव्या दिवशी कुदळ घेऊन चर खणायला गेली असती. मला ती माहीत आहे. पण समोर ओंकार बसला होता, सुनेचा भाऊ. त्याच्यासमोर गोजरबाईनं म्हणायचं, की दोन गाड्यांच्या जागेसाठी मी माझ्या मेलेल्या लेकाच्या बायकोचं पोट बुजवलं? ज्या जिभेला गावात कुणी लागत नाही, ती जीभ टाळ्याला चिकटली. मी पदराच्या काठाचा दोरा ओढत बसले.

बिभीषणानं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हात धुतले, चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला, वर बेलाचं पान ठेवलं.

"चर मी माझ्या मनानं बुजवला. कुनाच्या सांगन्यावरनं न्हाई."

"का बुजवला?" पंकजानं विचारलं.

पहिलं खोटं त्यानं निभावलं. त्याला जोडायला दुसरं सुचलं नाही. भंडारा घामानं भिजून त्याच्या मनगटावर उतरला, पिवळा.

पंकजानं डबी उचलून परत देव्हाऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "बरं." आणि आत गेली.

सामान बांधायला रोहिणी गेली. मला वाटलं, बघायला गेली असेल. ती पंकजाच्या साड्या घड्या घालून बॅगेत भरत होती. चटणीची बरणी, शेंगदाण्याची पिशवी, संस्कृतीसाठी तुपाचा डबा, सगळं. दोघी जावा एकवीस वर्षांत एवढ्या जवळ बसलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. रोहिणी रडत नव्हती, पंकजाही रडत नव्हती. रोहिणी म्हणाली, "निकिताच्या लग्नाला ये." पंकजा म्हणाली, "बघू अक्का." म्हणजे यायची नाही.

संस्कृती माझ्या पाया पडायला आली. तेव्हाच तिनं मला ते एकोणीस झाडांचं सांगितलं. मग माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, तू आज काहीच बोलली नाहीस. बरं वाटत नाही का तुला?"

"न्हाई," मी म्हणाले. "डोकं दुखतंय."

"गोळी घे," ती म्हणाली, आणि जीपमध्ये बसली.

जीप वळली तेवढ्यात परवेझ रिकामी टोपली घेऊन आला. चार दिवस तो रोज येत होता, चार कळ्या तरी मिळतील म्हणून. त्यानं जीप बघितली, बॅगा बघितल्या. मला म्हणाला, "खाला, तुमी सांगितलं न्हाई व्हय?"

मी त्याला म्हणाले, तुझं काम बघ. तो गेला. परत आला नाही.

दुपारी रोहिणीनं सगळ्यांची ताटं केली, माझं केलं नाही. "भाकरी दुरडीत हाय आत्या," ती म्हणाली. "आजपासनं तुमी वाढून घेत जा." मी उठले नाही. भूक नव्हती, आणि वाढून घ्यायची सवयही नव्हती.

ऊन कलल्यावर मागनं कुदळीचा आवाज यायला लागला. मी काठी घेऊन गेले. बिभीषण चर उकरत होता. बुजवलेली माती गाड्यांच्या चाकांनी दगडासारखी बसली होती. तो कमरेत वाकून एकेक ढेकूळ काढत होता, आणि आतून काळं पाणी हळूहळू पाझरत ओढ्याकडं जायला लागलं होतं. आता जाऊन काय करणार होतं ते? साठच्या साठ झाडं माना टाकून उभी. खाली पानांचा सडा. वास चिखलाचा.

"कशाला उकरतो?"

"पंकजाचा चर हाय," तो म्हणाला. "जसा हुता तसा करून ठेवतो."

मी वाफ्याच्या कडेवर बसले. तिथंच कालचा चहाचा कप होता, त्यात मुंग्या.

"बिभीषणा, खोटा भंडारा उचललास."

"व्हय."

"माझ्यापायी."

त्यानं कुदळ मारली.

"उद्या पहिल्या गाडीनं अकोल्याला जा," मी म्हणाले. "तिला सांग, आईनं सांगितलं हुतं, निकिताचे पाहुने येनार हुते म्हनून. गाड्यांसाठी. ती येईल परत. मला माहीत हाय, ती येईल."

मी स्वतः जाणार नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मी वाट बघितली. पन्नास वर्षं ज्या शब्दाचा मला कंटाळा आला होता, त्या एका शब्दासाठी मी त्या चिखलात बसून राहिले. आज त्यानं 'बरं' म्हणावं, एवढंच.

त्यानं कुदळ खाली ठेवली. हातावरचा भंडारा अजून पुरता निघाला नव्हता. तो हात त्यानं धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"न्हाई, बाई," तो म्हणाला. "तेवढं सोडून सांगा. तुमची मान मी कुनापुढं खाली घालनार न्हाई."

आणि परत कुदळ उचलली.

मी काठीवर जोर देऊन उठले. जवळच्या झाडाला हात लावला तर साल हाताला सुटून आली, सगळी, सापाच्या कातेसारखी. ती हातात धरून मी माझ्या थोरल्या लेकाला म्हणाले:

"पन्नास वर्षांत एकदा न्हाई म्हनलास, बिभीषणा, आन ते बी मला वाचवायला. तुझ्यापरीस ही झाडं शहानी. सोसंना झालं तर मरून तरी दावत्यात."